उन्हाळा आला तरी घोड्याचे केस गळत नाहीत? मेंदूखालची ग्रंथी स्कॅनमध्ये कशी दिसते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत काय करता येतं

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात वरातीचा एखादा म्हातारा घोडा हिवाळ्यातले लांब, दाट केस घेऊन उभा असेल, तर मालक सहसा म्हणतो, 'वय झालं त्याचं.' वय झालेलं असतंच. पण हे केस एका आजाराची सर्वांत ओळखीची खूण आहेत, आणि त्या आजाराचं मूळ मेंदूच्या तळाशी, बोराएवढ्या एका ग्रंथीत असतं.

शाळेच्या पुस्तकात तिला पीयूषिका म्हणतात, डॉक्टर पिट्युइटरी म्हणतात. कवटीच्या तळाच्या हाडात तिच्यासाठी एक खोलगट जागा असते. त्या जागेचं लॅटिन नाव 'सेला टर्सिका', म्हणजे तुर्की खोगीर. घोड्याच्या डोक्यातही एक खोगीर असतं, असं म्हणायला हरकत नाही! मात्र घोड्याचं हे खोगीर उथळ असतं आणि त्यावरचं पडद्याचं झाकण अपुरं असतं. म्हणून ग्रंथी वाढली की ती वर, मेंदूच्या दिशेने सरकते.

नेमकं बिघडतं काय?

ग्रंथीच्या मधल्या भागाला मेंदूतून डोपामाइन या रसायनाचा लगाम असतो. वयानुसार तो लगाम ओढणाऱ्या मज्जापेशी झिजतात. मग मधला भाग फुगत जातो आणि एसीटीएचसह अनेक संप्रेरकं गरजेपेक्षा जास्त सोडतो. या आजाराचं संक्षिप्त नाव पीपीआयडी. जुने लोक याला 'घोड्यांचा कुशिंग' म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९३२ साली माणसांतल्या आजाराचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. पण माणसांत गाठ बहुतेक वेळा ग्रंथीच्या पुढच्या भागात होते आणि घोड्यात बिघाड मधल्या भागात, त्यामुळे जुनं नाव थोडं फसवं आहे.

हा आजार साधारणपणे १५ वर्षांपुढच्या घोड्यांत दिसतो. केस वेळेवर न गळणं, पाठीवरचं मांस उतरणं, पोट सुटल्यासारखं दिसणं, सारखी तहान आणि लघवी, वारंवार होणारे संसर्ग ही त्याची लक्षणं. सर्वांत वाईट लक्षण म्हणजे लॅमिनायटिस. यात खुराच्या आत हाड आणि खूर यांना जोडणारा थर सुजतो, घोड्याला पाऊल टाकणं असह्य होतं. लग्नसराईत तापलेल्या डांबरावर उभ्या घोड्याचं लंगडणं 'नाल बरोबर बसली नाही' म्हणून सोडून दिलं जातं, ते इथेच महागात पडतं.

मग सरळ स्कॅन का करत नाहीत?

साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं. त्या खोगिरात बसलेली मऊ ग्रंथी दिसत नाही. तिच्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागतो.

सीटीमध्ये शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. मेंदूच्या बहुतेक भागात रक्तातले पदार्थ सहज शिरू नयेत म्हणून एक अडसर असतो, या ग्रंथीत तो नसतो. त्यामुळे औषध ग्रंथीत शिरतं, ती भोवतालच्या मेंदूपेक्षा उजळ दिसते आणि तिची उंची, रुंदी, लांबी मोजता येते. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली पीपीआयडी असलेल्या घोड्यांचे सीटी प्रसिद्ध केले. स्कॅनवरची ग्रंथीची मापं आणि मृत्यूनंतर प्रत्यक्ष घेतलेली मापं यांचा चांगला मेळ बसला होता.

एमआरआयमध्ये ग्रंथीची कड आणि आतला पोत अधिक स्पष्ट येतो. पण त्यात वेळ जास्त जातो, आणि चुंबकाजवळ जाण्याआधी चारही नाला आणि खिळे काढावे लागतात. घोडा उभा असताना करता येणारे एमआरआय आहेत, पण ते मुख्यतः पायांसाठी. डोक्याच्या एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावीच लागते. सीटी मात्र काही मोठ्या केंद्रांत गुंगी देऊन, घोडा उभा ठेवून करतात.

अडचण भुलीची आहे. चार-पाचशे किलोचं जनावर आडवं झालं की स्वतःच्या वजनानेच त्याचे स्नायू आणि फुप्फुसं दबतात, आणि शुद्धीवर येताना ते धडपडून पाय मोडून घेऊ शकतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पोटशूळ नसलेल्या घोड्यांतही भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण जवळपास १०० पैकी १ होतं. माणसांच्या दवाखान्यातलं यंत्र वापरायचं म्हटलं तर त्याचा टेबल एवढं वजन पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो.

त्याहून मोठं कारण वेगळं आहे. स्कॅन आकार सांगतो, काम सांगत नाही. आजार सुरू होतो तेव्हा ग्रंथी आकाराने नेहमीसारखीच असू शकते. उलट, एखाद्या निरोगी म्हाताऱ्या घोड्याची ग्रंथीही थोडी वाढलेली असते. म्हणून पीपीआयडीचं निदान आधी लक्षणांवरून आणि रक्तातल्या एसीटीएचवरून करतात. घोडा अचानक आंधळा झाला, गोल गोल फिरू लागला, झटके आले, तर मात्र स्कॅनला खरा अर्थ असतो. तेव्हा ग्रंथी वर दाबते आहे की मेंदूत दुसरंच काही आहे, हे दुसऱ्या कुठल्याही तपासणीतून कळत नाही.

घोडा नाही, रक्त प्रवास करतं

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या घोडेवाल्यासाठी ही चांगली बातमी आहे. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, सिरोंचाहून तर दिवसभराचा प्रवास. लंगडा घोडा टेम्पोत घालून एवढं नेणं म्हणजे त्याचे हाल. रक्ताची नळी मात्र जाऊ शकते. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घेतलेलं रक्त लगेच बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि काही तासांत प्लाझ्मा वेगळा करून थंडच पाठवायचा. उन्हात डब्यातला बर्फ वितळला तर एसीटीएच मोडतं, आणि आजारी घोड्याचा रिपोर्ट 'नॉर्मल' येतो.

रिपोर्ट वाचतानाही जपावं लागतं. माणसांच्या लॅबची यंत्रं हे संप्रेरक मोजू शकतात, पण कागदावर छापलेली माणसांची मर्यादा घोड्याला लागू नाही. शिवाय पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवस लहान होऊ लागले की निरोगी घोड्यातही एसीटीएच वाढतं. ही वाढ अक्षवृत्तानुसार कमी-जास्त होते, त्यामुळे युरोप-अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे इथे वापरणं धोक्याचं.

औषध आहे, पर्गोलाइड नावाचं. ते आधी माणसांच्या पार्किन्सनसाठी वापरायचे. हृदयाच्या झडपांवर परिणाम दिसल्याने २००७ साली अमेरिकेत ते माणसांसाठी बंद झालं, आणि २०११ साली तिथेच घोड्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. ते डोपामाइनचा लगाम पुन्हा ओढतं, पण आजार बरा करत नाही. गोळी रोज, आयुष्यभर.

गोळी सुरू होईपर्यंत, किंवा ती परवडत नसेल तरी, बरंच काही हातात असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर केस कातरून टाकावेत, सावली आणि पाणी कमी पडू देऊ नये, गूळ आणि धान्याचा खुराक आवरावा, नालबंदाला वेळेवर बोलवावं. लंगडणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याआधी पशुवैद्यकाला लॅमिनायटिसबद्दल विचारावं. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. आणि पाच-सहा वर्षांच्या घोड्याचे केस असेच राहिले असतील, तर पीपीआयडीच्या आधी जंत आणि उपासमार तपासावी.

या दोन जिल्ह्यांत घोडे फारसे नाहीत हे खरं. पण इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावर जे औषध देतात, ते घोड्याच्याच रक्तातून बनतं. पुण्याजवळ पिंपरीत हाफकिन महामंडळाने त्यासाठी घोडे पाळले आहेत.