समॅरिटन्स

आत्महत्येचे विचार येणाऱ्या किंवा मनाने खचलेल्या माणसांचे ऐकून घेणारी ब्रिटनमधील स्वयंसेवी संस्था. स्थापना १९५३, लंडन. संस्थापक चॅड वारा (१९११–२००७) हे अँग्लिकन धर्मगुरू. संस्था मात्र धार्मिक नाही. १९३५ मध्ये वारा यांनी एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी केला होता. पाळी सुरू झाल्यावर आपल्याला गुप्तरोग जडला, असे समजून तिने जीव दिला होता. विचारावे असे जवळ कोणी नव्हते.

अशा माणसांसाठी १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये दूरध्वनी बसवून वारा स्वतः सल्ला देऊ लागले. भेटीला येणाऱ्यांना नंबर लागेपर्यंत स्वयंसेवक चहा देत, त्यांच्याशी बोलत बसत. त्या बोलण्यानेच मोकळे होऊन पुष्कळजण वारांना न भेटताच परतत. हे ध्यानात आल्यावर १९५४ मध्ये त्यांनी काम स्वयंसेवकांकडेच सोपवले. संस्थेचे खरे वेगळेपण या निर्णयात आहे.

प्रशिक्षित स्वयंसेवक उपदेश करत नाहीत, निदानही करत नाहीत. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे मात्र सरळ विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत निराधार आहे.

याच धर्तीवर चेन्नईत १९८६ मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ सुरू केली. भारत सरकारची ‘टेली-मानस’ (१४४१६) ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून ती मराठीतूनही मिळते. तेथे समुपदेशकांमागे मानसोपचारतज्ज्ञ असतात.