जुना लॅपटॉप, मुक्त लिनक्स आणि आपला सीमाभाग



1983 चा सप्टेंबर महिना. त्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. 8 तारखेला इंडियन बँक्स असोसिएशन आणि बँक कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. आम्हा बँकवाल्यांच्या तोंडी तेव्हा दुसरा विषय नव्हता. कॉम्प्युटर आला की नोकऱ्या जाणार, हीच धास्ती. त्याच महिन्याच्या 27 तारखेला अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाने जाहीर केलं की, मी एक अशी संगणक यंत्रणा लिहिणार आहे, जी कुणालाही वापरता येईल, उघडून बघता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल. तिचं नाव ग्नू. याची बातमी आमच्यापर्यंत यायला पुढे वीस-पंचवीस वर्षं गेली.

आमचा प्रश्न होता, यंत्र आलं तर माणसाचं काय? त्यांचा प्रश्न होता, यंत्र आलंच आहे, तर त्यावर हुकूम कुणाचा चालणार? आज वाटतं, दुसरा प्रश्नही आपण तेव्हाच विचारायला हवा होता.

मी निपाणीचा. देवचंद कॉलेजचा बी.कॉम. आता नवीन पोरांना सांगावं लागतं, खरं आपल्या लोकांना माहीत आहे की कॉलेज निपाणीकरांचं आणि जागा अर्जुननगरची, म्हणजे महाराष्ट्रातली. घर एका राज्यात, वर्ग दुसऱ्या राज्यात. पुढे बँकेत लागलो आणि नोकरीनिमित्त बेळगावात स्थायिक झालो. रंगराजन समितीचा अहवाल 1984 साली आला आणि त्यानंतर शाखांमधून लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागली. आमच्या शाखेतल्या मशीनवर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत आणि आत युनिक्स चालायचं. ही यंत्रणा 1969 मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. भक्कम, पण कंपनीच्या मालकीची. स्टॉलमन यांना युनिक्ससारखीच, पण कुलूप नसलेली यंत्रणा हवी होती. तिचा बराच भाग तयार झाला. उरला होता तो गाभा, म्हणजे कर्नल. तो 1991 च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने जाहीर केला. तेच लिनक्स. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा आहे. म्हणजे लिनक्स आपल्या बहुतेकांच्या खिशात आधीच आहे.

इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे स्टॉलमन यांना जन्मभर खुलासा करत बसावं लागलं. मराठीत ती अडचण नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. आपल्या भागातल्या माणसाला सहकारी सोसायटीचं उदाहरण लगेच पटेल. सोसायटीचा सभासद हा नुसता गिऱ्हाईक नसतो. त्याला हिशेब विचारता येतो, सभेत उभं राहून बोलता येतं. लिनक्सचं तसंच आहे. वही उघडी असते.

आता माझ्या लॅपटॉपकडे वळतो. निवृत्तीनंतर घेतलेला, 4 जीबी मेमरीचा. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक खास चिप लागते. ती अट माझ्या लॅपटॉपला पार होत नाही. भाचा म्हणाला, "मामा, नवीनच घ्या की. ह्येचं वय झालंय." मी म्हटलं, "वय माझंही झालंय, खरं पेन्शन चालू आहे न्हवं?"

कॉमर्सवाल्याला इथे घसारा आठवतो. आयकर कायद्याने कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा मिळतो, तोही घटत्या शिल्लक पद्धतीने. 40,000 चा लॅपटॉप वर्षाअखेर 24,000, मग 14,400, मग 8,640. या पद्धतीची गंमत अशी की कितीही वर्षं गेली तरी आकडा शून्य होत नाही. वस्तूचंही तसंच. पुस्तकातली किंमत उतरली म्हणून ती निकामी होत नाही. कीबोर्ड चांगला, पडदा चांगला, मग भंगारात का घालायचा?

भाच्यालाच कामाला लावलं. आधी सगळे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवली. ही पायरी कुणीही गाळू नये, कारण नवी यंत्रणा बसवताना जुनी डिस्क पुसली जाते. मग लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती उतरवून पेन ड्राइव्हवर चढवली. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून चालू केला, की आतल्या डिस्कला हात न लावता यंत्रणा वापरून बघता येते. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का, सगळं तपासलं आणि मगच बसवली. मिंट 22 ला 2029 पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. लायसन्सचा खर्च शून्य.

अडचणीही सांगतो. टॅली यावर सरळ चालत नाही. डिजिटल सहीच्या डोंगलला खटपट करावी लागते. ज्यांचं रोजचं काम यावर आहे त्यांनी घाई करू नये. मला लागतं ते ब्राउझर, ईमेल, लिब्रे ऑफिस आणि मराठी लेखन. त्याला काही कमी पडत नाही.

मराठीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. भारतीय लिप्यांचं इस्की हे प्रमाण 1988 साली ठरलं आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते स्वीकारलं. त्याच 1991 साली जगासाठी युनिकोड आलं आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. तरी पुढे कित्येक वर्षं आपल्याकडे डीटीपीच्या दुकानात प्रत्येकाचा फाँट वेगळा. इथे टाइप केलेला मजकूर कोल्हापूरला उघडला की नुसती इंग्रजी चिन्हं. माझ्या थोरल्या भावाने तंबाखूच्या वखारी, विडी कामगार बायका आणि 1981 चं शेतकरी आंदोलन यांवर साठ पानं लिहून टाइप करून घेतली होती. भाऊ गेला, दुकान बंद झालं, सीडी उरली. नव्या यंत्रणेत ती फाइल उघडली तर एक शब्द लागेना. जुन्या फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम असतात. त्यातला एक भाच्याने चालवला. जोडाक्षरं बरीच बिघडली, ती मी महिनाभर बसून एकेक दुरुस्त केली. आता ती साठ पानं फोनवरसुद्धा वाचता येतात.

ते काम करताना एक गोष्ट सापडली. सरकारमान्य इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकाच बटणावर आहेत. ब, ळ, ग, व यांचंही तसंच. बोटांना बेळगाव आणि बेळगावी यांतला फरक फार थोडा कळतो. कन्नडला ऱ्हस्व 'ए' जास्तीचा आहे, त्याला वेगळं बटण, इतकंच. दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. लिनक्सच्या कीबोर्डच्या यादीत मराठीसाठी 'कगप' नावाची एक मांडणी आहे. क, ग, प म्हणजे कन्नड गणक परिषद. के. पी. राव यांनी कन्नडसाठी आखलेली ही मांडणी. कर्नाटक सरकारने ती मान्य केली आणि कुणा स्वयंसेवकाने ती लिनक्सवर मराठीलाही लावून दिली.

1956 पासून आपण पाट्यांच्या भाषेवर भांडतोय. ते भांडण खोटं नाही, न्यायालयात दावा आहे आणि माझं मतही ठाम आहे. पण या यंत्रावर कोणती भाषा चालेल हे बेंगळुरूने ठरवलं नाही, मुंबईने नाही आणि अमेरिकेतल्या कंपनीनेही नाही. मराठी भाषांतर अजून अपुरं आहे, मध्येच इंग्रजी डोकावतं. ते ज्याला येतं त्याने पुरं करावं, कुणाची परवानगी लागत नाही. माझी नात याच लॅपटॉपवर कन्नडचा गृहपाठ करते आणि मी मराठी लिहितो.

मंडळी, लॅपटॉपचं तुम्ही सवडीने ठरवा. पण घरात जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आठवणी, मंडळांचे अहवाल, वंशावळी असतील तर त्या आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या. लिहिणारी माणसं हयात आहेत, तोवर चुकलेलं अक्षर विचारून घेता येतं.