दागिन्याची साक्ष

जुना दागिना हा इतिहासाचा साक्षीदार खरा; परंतु साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावांचून निकाल द्यावयाचा नसतो, हें इतिहासाच्या अभ्यासकानें विसरतां कामा नये. आम्ही एकदां विसरलों, त्याची ही हकीकत.

आमच्या परिचयाच्या एका घरीं रुप्याची एक जाड माळ होती. मधोमध मोठें नाणें, दोहों बाजूंस रवाकामाचे पोकळ मणी आणि अधूनमधून टपोरे पिवळे मणी. 'पेशव्यांनीं पूर्वजांस दिलेली' अशी घरांतील समजूत. नाण्यावर १७८० हा आंकडा स्पष्ट. म्हणजे सवाई माधवरावांची कारकीर्द! आम्हीं मोठ्या विद्वत्तेनें त्या समजुतीवर शिक्कामोर्तब केलें. पुढें मुलीच्या शिक्षणासाठीं माळ विकण्याचा प्रसंग आला, आणि आमच्या शब्दावर विसंबून त्या मंडळींनीं तिची किंमत पेशवाईच्या मानानें सांगितली. तेव्हां मात्र आमचें मन चरकलें, आणि आम्ही ती माळ प्रथमच नीट पाहूं लागलों.

नाण्यावरील स्त्री ऑस्ट्रियाची महाराणी मरिया तेरेसा. ती १७८० सालीं वारली. परंतु तिच्या 'थेलर' नाण्यावर अरबस्तान व हबसाण येथील व्यापाऱ्यांचा इतका विश्वास बसला होता कीं, दुसरा छाप ते सहसा घेईनात. म्हणून टांकसाळींनीं तेंच साल ठेवून तें नाणें पाडण्याचा क्रम पुढें चालविला. व्हिएन्ना तर झालेंच. पण १९३५ पासून रोम, पुढें लंडन, आणि १९४०-४१ सालीं आपल्या मुंबईच्या टांकसाळींतहि तें पडलें! वजन सुमारें २८ ग्रॅम, हजारांत चांदी ८३३ भाग, आणि साल कायमचें १७८०. आपल्या राणीछाप रुपयाचीहि अशीच गोष्ट आहे. १८६२ चा आंकडा मिरवीत तो पुढें दहाबारा वर्षें पडत होता.

पिवळे मणी घरांत तृणमणी म्हणून मानले जात. खरा तृणमणी मिठाच्या दाट पाण्यांत तरंगतो. हे तळाशीं गेले. तापलेली सुई लावतांच कार्बोलिकचा वास आला. ते बेकलाइटचे निघाले, आणि बेकलाइटचा शोध १९०७ चा. मणी मागाहून ओंवले असतील, असें कोणी म्हणेल. म्हणो; पण मग पेशवाईच्या बाजूस एकटें नाणें उरतें, आणि त्याची योग्यता वर सांगितलीच आहे.

कसोटीवर चांदी खरी उतरली. तें जर्मन सिल्व्हर नव्हतें. त्यांत तांबें, जस्त व निकेल असतें, चांदी मुळींच नसते. परंतु कसोटीचा दगड धातूचा कस सांगतो, गांव सांगत नाहीं. गांव सांगतो तो कारागिराचा हात. बारीक तारकाम व त्यावर जडविलेले रवे ही येमेनच्या यहुदी रौप्यकारांची जुनी कीर्ति. त्यांतील बहुतेक कुटुंबें १९४९-५० मध्यें इस्रायलला गेलीं. मग येमेनची माळ पुण्यास कशी आली? उत्तर घरच्याच पेटींत होतें. तेथें घरांतील वृद्ध बाईंच्या आजोबांच्या एडनमधील नोकरीचे कागद निघाले. १८३९ सालीं इंग्रजांच्या हातीं आलेलें एडन बहुतेक काळ मुंबई इलाख्याखालींच होतें. तें हिंदुस्थानापासून सर्वस्वी वेगळें झालें १९३७ सालीं.

आम्हीं जाऊन चूक कबूल केली. पेशवाई गेली, किंमत उतरली. आम्ही खालीं मान घालून बसलों. परंतु त्या बाईंनीं माळ हातीं घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे ही आजोबांनीं आजीसाठीं आणलेली!" माळ विकली गेली नाहीं, मुलीच्या शिक्षणाची सोय दुसऱ्या मार्गानें झाली.

वाचकांस एवढीच विनंति कीं, जुना दागिना मोडींत देण्यापूर्वीं तो कोणाचा, कोठून आला, हें घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. रुपें पुन्हा मिळतें. वितळून गेलेली साक्ष पुन्हा मिळत नाहीं.