प्रकाशाचे मानवी आरोग्यावरील परिणाम

सूर्यप्रकाश आणि दिव्यांचा कृत्रिम प्रकाश यांचा माणसाची झोप, डोळे, त्वचा, हाडे व मनःस्थिती यांवर परिणाम होतो. प्रकाशामुळे वस्तू दिसतात; त्याखेरीज तो शरीरातील जैविक घड्याळ दिवस-रात्रीच्या चक्राशी जुळवून ठेवतो आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यास कारणीभूत ठरतो. हे परिणाम हितकारक ठरतील की अपायकारक, हे प्रकाशाचा उगम कोणता यापेक्षा त्याची तीव्रता, तरंगलांबी, कालावधी आणि दिवसातील वेळ यांवर अधिक अवलंबून असते.

प्रकाशाची तीव्रता

एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता ‘लक्स’ या एककात मोजतात. निरभ्र दिवशी भर दुपारच्या उन्हात ती सुमारे १,००,००० लक्स असते आणि ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार लक्स भरते. याउलट कार्यालयात ती साधारणतः ३०० ते ५०० लक्स असते आणि घरात रात्री बहुधा त्याहून कमी. पौर्णिमेच्या चांदण्याची तीव्रता पाव लक्सच्या आसपास असते. डोळे बदलत्या प्रकाशाशी जुळवून घेत असल्याने हा प्रचंड फरक सहसा जाणवत नाही. त्यामुळे दिवसभर घरात किंवा कार्यालयात राहणाऱ्या माणसाचा दिवस शरीराच्या दृष्टीने मंद आणि रात्र मात्र प्रमाणाबाहेर उजळ होते.

संशोधनाचा इतिहास

फ्रेंच शास्त्रज्ञ झां-झाक दोर्तू द मेरां यांनी १७२९ मध्ये असे नोंदवले की, लाजाळूसारख्या वनस्पतीची पाने अंधारात ठेवल्यावरही ठरल्या वेळी मिटतात व उघडतात. सजीवांत अंगभूत लय असल्याचा हा आरंभीचा पुरावा होय. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाने उपचार केल्याबद्दल डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१९ मध्ये बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील किरणांनी मुडदूस झालेली मुले बरी केली. १९५८ मध्ये एरन लर्नर यांनी मेलाटोनिन हे संप्रेरक वेगळे केले. तीव्र प्रकाशामुळे माणसातही त्याचे स्रवण थांबते, हे आल्फ्रेड लेवी व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले. जैविक घड्याळाची रेणवीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जैविक घड्याळ आणि डोळा

डोळ्यातील दृष्टिपटलावरील दंडपेशी व शंकुपेशींमुळे माणसाला दिसते. त्यांच्याशिवाय तेथे प्रकाशसंवेदी चेतापेशींचा आणखी एक प्रकार असतो. या पेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचे प्रथिन असून ते सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. मेलॅनॉप्सिनचा शोध १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व सहकाऱ्यांनी लावला. हे प्रथिन असलेल्या दृष्टिपटलातील पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले.

या पेशींचे संदेश मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील मुख्य घड्याळाकडे जातात. माणसाच्या या घड्याळाचे आवर्तन सरासरी २४ तासांहून किंचित मोठे असते. त्यामुळे ते रोज प्रकाशाच्या साहाय्याने जुळवून घ्यावे लागते. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे आणतो, तर रात्री उशिराचा प्रकाश ते मागे ढकलतो. अंधार पडल्यावर पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची सूचना मिळते.

काही पूर्णतः दृष्टिहीन व्यक्तींच्या डोळ्यांवर प्रकाश पडल्यासही त्यांच्या मेलाटोनिनचे प्रमाण घटते, असे १९९५ मध्ये दिसून आले. ज्यांच्या डोळ्यांतून असा कोणताही संदेश मेंदूकडे जात नाही, अशा अनेकांची झोपेची वेळ मात्र दररोज थोडी थोडी सरकत जाते.

सूर्यप्रकाशाचे परिणाम

ड जीवनसत्त्व : सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. कॅल्शियमच्या शोषणासाठी ते आवश्यक असते. त्याच्या अभावी मुलांना मुडदूस, तर प्रौढांना अस्थिमृदुता हा विकार होतो. खिडकीची साधी काच अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. म्हणून बंद खिडकीतून येणारे ऊन जैविक घड्याळाला उपयोगी पडले, तरी ड जीवनसत्त्वासाठी निरुपयोगी ठरते. गडद त्वचेतील मेलॅनिन हे किरण शोषून घेते. त्यामुळे अशा व्यक्तींना अधिक वेळ उन्हाची गरज असते. भरपूर ऊन असलेल्या भारतातही या जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. घरातील व कार्यालयातील बैठी दिनचर्या, अंगभर कपडे, हवेचे प्रदूषण आणि आहारातील अल्प प्रमाण ही त्याची कारणे सांगितली जातात.

निकटदृष्टिता : घराबाहेर अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांत निकटदृष्टिता उद्भवण्याचे प्रमाण कमी असते. चीनमधील ग्वांगझो येथील शाळांत मुलांना दररोज ४० मिनिटे जादा घराबाहेर नेण्याचा प्रयोग झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत या मुलांपैकी सुमारे ३० टक्के, तर इतर मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना निकटदृष्टिता जडली. तीव्र प्रकाशामुळे दृष्टिपटलात स्रवणारे डोपामिन नेत्रगोलाची लांबी वाढण्यास आळा घालत असावे, असे मानले जाते.

दुष्परिणाम : अतिनील किरणांमुळे त्वचा भाजते, अकाली सुरकुततेे आणि पेशींतील डीएनएला इजा होऊन त्वचेचा कर्करोग संभवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सौर प्रारणाचा समावेश निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात केला आहे. मोतीबिंदूचा धोकाही या किरणांमुळे वाढतो. सूर्याकडे, विशेषतः ग्रहणकाळी, उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

कृत्रिम प्रकाशाचे परिणाम

रात्रीचा प्रकाश : झोपेपूर्वीच्या तासांतील उजळ प्रकाशाने मेलाटोनिनचे स्रवण लांबते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना, छापील पुस्तक वाचणाऱ्यांच्या तुलनेत झोप लागण्यास सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. या परिणामाची तीव्रता व्यक्तिपरत्वे बरीच बदलते. नेहमीच्या वापरातील पडद्यांच्या निळ्या प्रकाशाने दृष्टिपटल खराब होते, याला मात्र पुरावा नाही. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांमुळे डोळ्यांवरील ताण कमी होत नसावा, असा निष्कर्ष २०२३ मधील कॉक्रेन आढाव्यात काढला आहे.

रात्रपाळी : रुग्णालये, कारखाने, वाहतूक आणि कॉल सेंटर अशा ठिकाणी रात्री काम करणाऱ्यांचे घड्याळ व दिनचर्या यांत विसंगती निर्माण होते. रात्रपाळीचा संबंध अपुरी झोप, मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी आढळला आहे. वर उल्लेखिलेल्या संस्थेने २००७ व २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामास ‘बहुधा कर्ककारक’ या २-अ गटात ठेवले. हे वर्गीकरण पुराव्याचे बळ दर्शवते; धोक्याचे प्रमाण नव्हे.

लुकलुक : ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या ट्यूबलाइट सेकंदास १०० वेळा लुकलुकतात. हे सहसा जाणवत नसले, तरी काहींना त्यामुळे डोकेदुखी होते. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना याहून संथ लखलखाटाने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टून मालिकेतील लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले.

वैद्यकीय उपयोग

नवजात शिशूच्या काविळीवर निळ्या प्रकाशाने उपचार करतात. या प्रकाशामुळे त्वचेतील बिलिरुबिनचे रूपांतर शरीराबाहेर सहज टाकता येणाऱ्या रूपात होते. ही पद्धत इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयातील निरीक्षणांतून पुढे आली व १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळाला कोवळ्या उन्हात ठेवण्याची रीत महाराष्ट्रात प्रचलित आहे. परंतु त्यात प्रकाशाची मात्रा व बाळाचे तापमान यांवर नियंत्रण राहत नाही. त्यामुळे ती रुग्णालयातील उपचाराला पर्याय ठरत नाही. बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होते, म्हणून वेळीच तपासणी आवश्यक असते.

हिवाळ्यात येणाऱ्या ऋतुनिष्ठ अवसादाचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. त्यावर सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्सचा प्रकाश देतात. ऑस्लो येथे सर्वांत लहान दिवस सहा तासांहूनही छोटा असतो. मुंबईत तो सुमारे अकरा तासांचा असून सर्वांत मोठ्या दिवसाशी त्याचा फरक सव्वादोन तासांच्या आसपास आहे. सोरायसिसवर अतिनील-ब किरणांच्या अरुंद पट्ट्याचा उपयोग होतो.

प्रकाश प्रदूषण

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशप्रदूषित आकाशाखाली राहतात आणि सुमारे एकतृतीयांश लोकांना आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

शिफारसी

२०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मेलॅनॉप्सिनच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेल्या लक्समध्ये पुढील मर्यादा सुचवल्या :

• दिवसा डोळ्यांच्या पातळीवर किमान २५०
• झोपेपूर्वीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १०
• झोपताना जास्तीत जास्त १

व्यवहारात, दिवसा घराबाहेर किंवा खिडकीजवळ वेळ घालवणे, संध्याकाळनंतर मंद व पिवळसर दिवे वापरणे आणि झोपण्याच्या खोलीत अंधार राखणे, हे या शिफारशींचे सार होय.

हे सुद्धा पहा

• जैविक घड्याळ
• मेलाटोनिन
• ड जीवनसत्त्व
• प्रकाश प्रदूषण