जबडा सुजलाय? सूज उतरायची वाट बघू नका

बोनकोडे (नवी मुंबई) : रात्री दाढ ठणकली, सकाळी गाल सुजला. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत सूज उतरली आणि महिन्याभरात पुन्हा तेच! असं होतं, कारण दाढेच्या मुळाशी झालेला पू गोळीने जात नाही. त्यासाठी पू काढणं, रूट कॅनल किंवा दाढ काढणं हाच इलाज आहे. ‘सूज उतरल्यावर बघू’ म्हणून थांबू नका. सूज असतानाच दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

सूज कशाची?
• किडलेली दाढ : एका बाजूला सूज, ठणका, चावताना कळ.
• अक्कलदाढ : शेवटची हिरडी सुजते, तोंड नीट उघडत नाही.
• गालगुंड : कानाखाली सूज, ताप. हा विषाणूचा आजार. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सूज आल्यापासून 5 दिवस मुलाला शाळेत पाठवू नका.
• जबड्याचा सांधा : कानापुढे दुखतं, तोंड उघडताना कटकट आवाज येतो. मऊ जेवण घ्या, सुपारी बंद करा, कोमट शेक द्या.

दवाखान्यात जाईपर्यंत काय कराल?
• कापडात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून 10-15 मिनिटं धरा.
• ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून चुळा भरा.
• झोपताना डोकं उंच ठेवा.

हे करू नका
• दाढेची सूज असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका.
• दाढेत मशेरी, तंबाखू दाबू नका. हिरडीवर गोळी ठेवू नका, कातडी भाजते.
• सुईने फोड फोडू नका.
• डायबेटिस असेल तर साखर तपासा. वाढलेल्या साखरेत पू लवकर पसरतो.

लगेच 108 ला फोन करा
हनुवटीखाली किंवा मानेवर सूज उतरली, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, श्वास लागला तर सकाळची वाट बघू नका. यात जीव जाऊ शकतो.

कुठे जाल?
बोनकोडे-कोपरखैरणेकरांना वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दंत महाविद्यालयं आहेत.

तंबाखू, मशेरी किंवा गुटख्याची सवय आहे आणि न दुखणारी गाठ किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर कॅन्सरची तपासणी करून घ्या. दुखत नाही म्हणून गप्प बसू नका.