एम-८२ मधला न झालेला स्फोट

३१ डिसेंबर १७७४ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान एलर्ट बोडे सप्तर्षीच्या आसपास दुर्बीण फिरवत होता. तिथे त्याला दोन धूसर ठिपके दिसले, एक गोलसर आणि एक लांबट. शार्ल मेसिएच्या यादीत पुढे त्यांना ८१ आणि ८२ हे क्रमांक मिळाले. आजही पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ ओढून ती तेवढीच पुढे नेली, की ही जोडी लहानशा दुर्बिणीतही सापडते. यातली लांबट एम-८२ ही स्टारबर्स्ट, म्हणजे भराभर तारे घडवणाऱ्या, दीर्घिकांच्या कुळातली थोरली. पण हे कूळ ओळखायला पुढे दोनशे वर्षं गेली, आणि सुरुवात झाली ती भलत्याच निष्कर्षापासून.

रॉजर लिंड्स आणि अ‍ॅलन सँडेज यांनी १९६३ मध्ये एम-८२ ची पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतली छायाचित्रं प्रसिद्ध केली. कॅमेऱ्यापुढे हायड्रोजनचा तांबडा प्रकाश तेवढा आत सोडणारी गाळणी होती. दीर्घिकेच्या चकतीला काटकोन करून, वर आणि खाली, वायूचे तंतू हजारो प्रकाशवर्षं पसरलेले दिसत होते. त्यांचा वेग मोजून उलटा हिशेब केला, तर सगळे सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी गाभ्यातून निघालेले. म्हणजे तिथे प्रचंड स्फोट झाला असणार! त्याच वर्षी मार्टेन श्मिट यांनी एका क्वासारचं, म्हणजे दूरच्या अतितेजस्वी स्रोताचं, अंतर उलगडलं होतं, त्यामुळे दीर्घिकांच्या गाभ्यात काहीतरी अचाट घडतं ही कल्पना हवेतच होती.

निरीक्षण चोख होतं. अडचण होती धुळीची. गाभ्यातला दृश्य प्रकाश ती गिळून टाकते आणि तापून अवरक्त प्रकाशात चमकते. अ‍ॅरिझोनात जॉर्ज रीकी, मार्शा लेबॉफ्स्की आणि सहकाऱ्यांनी हा अवरक्त प्रकाश मोजला आणि १९८० मध्ये वेगळाच हिशेब मांडला. (या लेबॉफ्स्की म्हणजेच पुढे जेम्स वेब दुर्बिणीच्या मुख्य कॅमेऱ्याची धुरा सांभाळणाऱ्या मार्शा रीकी.) गाभ्यात अलीकडेच ताऱ्यांचं अमाप पीक आलं होतं. त्यातले जडशीळ तारे काही दशलक्ष वर्षांतच जळून अतिनवतारे होतात. त्यांचे वारे आणि स्फोट मिळून तापलेला वायू ढकलतात, आणि तो चकतीच्या पातळ बाजूने, म्हणजे वर-खाली, निसटतो. एका महास्फोटाची गरजच उरली नाही. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे घडतात. तिच्याहून कितीतरी लहान एम-८२ मध्ये दहाएक सूर्यांइतके.

स्टारबर्स्ट हे नाव रूढ व्हायला डॅनिएल वीडमन आणि सहकाऱ्यांचा १९८१ चा एनजीसी ७७१४ वरचा निबंध कारण ठरला. माझ्या मते मोठं श्रेय मात्र रिचर्ड लार्सन आणि बिअ‍ॅट्रिस टिन्स्ली यांचं. १९७८ मध्ये त्यांनी हॅल्टन आर्पच्या अ‍ॅटलासमधल्या वेड्यावाकड्या दीर्घिकांचे रंग साध्या दीर्घिकांच्या रंगांशी ताडून पाहिले. वेड्यावाकड्यांचे रंग फारच विखुरलेले निघाले. दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या की ताऱ्यांच्या जन्माला अचानक ऊत येतो, हा त्यांनी लावलेला अर्थ. टिन्स्ली १९८१ मध्ये, अवघ्या चाळिशीत गेल्या. दोनच वर्षांनी आयरस उपग्रहाने अवरक्तात झगमगणाऱ्या दीर्घिका ढिगाने दाखवल्या आणि त्यांतल्या सर्वांत तेजस्वी बहुतेक टकरीतल्याच निघाल्या. एम-८२ ला ढवळून काढणारी शेजारीणही बोडेने त्याच रात्री पाहिलेली एम-८१ च. दोघींना जोडणारे हायड्रोजनचे पट्टे रेडिओ दुर्बिणींनी टिपले आहेत.

प्रश्न उरतो ताऱ्यांच्या इंधनाचा, म्हणजे हायड्रोजनचा. २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला गेला. त्या काळी भरभर तारे घडवणं हा अपवाद नव्हता, सर्रास चालायचं. बाहेरून नवा वायू आला नसता, तर तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता.