पापणीवरचे शस्त्र

वय चढू लागले की त्याची चाहूल प्रथम डोळ्यांभोवती लागते. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन ओघळते, खालच्या पापणीखाली फुगवटे येतात, आणि पुरती झोप घेतलेला मनुष्यही थकलेला दिसतो. वरच्या आणि खालच्या, अशा चारही पापण्या एकाच बैठकीत नीट करून घ्याव्यात काय, असा विचार करणारी माणसे आता आपल्याही ओळखीत आढळतात. हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ, असे म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. इतिहास तितका सोपा नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 रोग सांगितले असून त्यांपैकी 21 केवळ पापणीचे आहेत. त्यांतला पक्ष्मकोप म्हणजे पापणीचे केस आत वळून डोळ्याला खुपणे. त्यावरचा उपाय असा : भुवईखालचे दोन भाग सोडावेत, केसांलगतचा एक भाग राखावा, आणि मधली कातडी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जवाच्या दाण्याच्या आकारात कापून ती केसाने शिवावी. आजच्या शल्यविशारदाने वरच्या पापणीवर आखलेली रेघ याहून फारशी निराळी नसते. पण सुश्रुताला डोळा वाचवायचा होता, चेहरा नव्हे. हा भेद विसरून ‘सारे आमच्याकडे होतेच’ म्हणणे मला रुचत नाही.

पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यानेही सैल पापणी कापण्याची रीत दिली आहे. कातडी अधिक गेली तर डोळा झाकणार नाही, हा धोका त्याला पुरता ठाऊक होता.

‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द 1818 मध्ये जर्मन शल्यविशारद फॉन ग्रेफे याने वापरला, तोही कर्करोगाने गेलेली पापणी पुन्हा घडविण्यासाठी. सौंदर्याचा प्रश्न विसाव्या शतकातला. पॅरिसच्या सुझान नोएल या डॉक्टर बाईंनी 1926 मध्ये या शस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्यावर ग्रंथच लिहिला. वय दिसू लागले की स्त्रीची नोकरी धोक्यात येते, हे त्यांनी पाहिले होते. ज्यांना हा सारा प्रकार नटवेपणा वाटतो, त्यांनी या मुद्द्याचे उत्तर दिले पाहिजे.

खालची पापणी अधिक दगलबाज. 1951 मध्ये कास्तान्यारेस याने पापण्यांतील चरबीचे कप्पे नीट वर्णिले, आणि पुढे कित्येक वर्षे ती चरबी सढळ हाताने काढली गेली. परिणामी डोळे खोल गेले. आता ती शक्यतो राखतात अथवा सरकवून बसवितात. चारही पापण्या एकदम केल्या तर सूज व विश्रांती एकदाच सोसावी लागते, हे खरे. पण कोरडे डोळे, थायरॉईडचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे यांची चौकशी आधी व्हावयास हवी. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाण्याचा धोका विरळा असला, तरी आहे.

म्हणूनच खालची कातडी कापण्यापूर्वी सावध शल्यविशारद जागृत रोग्याला वर पाहावयास आणि तोंड उघडावयास सांगतो. त्या वेळी जी कातडी ताणली जाते, तिला तो हात लावीत नाही.